दहाव्याचा माईक आणि कवितेतलं मरण

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सकाळी सकाळी हे काय काढलंस. विषय आहे मरण. म्हणजे कवितेतलं मरण, तेही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं. पण सुरुवात आपल्या कर्जतपासून करतो, कारण मला हा प्रश्न तिथेच पडला.

२०२१चा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट. मी पुण्यात, वर्क फ्रॉम होम, आणि आबा कर्जतला. आबा म्हणजे माझे आजोबा. ते गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. अंत्यविधीला मोजून पाच माणसं होती. दहाव्याला मंडप नाही, प्रवचन नाही, पंगत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र भरपूर काही होतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, हात जोडलेले, दिव्याचा फोटो, परत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, टेम्पलेट मला लांबून ओळखू येतं. नाव बदला, फोटो बदला, बाकी मजकूर तोच. राग मात्र आला नाही, कारण मीसुद्धा दुसऱ्यांच्या ग्रुपवर तेच टाकत आलो होतो. आबांबद्दल काहीतरी आपलं लिहावं म्हणून अर्धा तास टाइप केलं, पुसलं, टाइप केलं, पुसलं. शेवटी हात जोडलेले टाकले आणि फोन उलटा ठेवला.

पुढच्या वर्षी सगळं सुरू झालं, तेव्हा तालुक्यातल्याच एका दशक्रियेला गेलो. आमच्या नगरकडचा दहावा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडप असतो, सतरंज्या असतात, मोठा स्पीकर असतो. महाराजांचं प्रवचन असतं. मग एकेक पुढारी माईक हातात घेऊन श्रद्धांजली वाहतो. आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष पिंडाकडे असतं, कावळा शिवला का म्हणून. त्या दिवशीचे महाराज चांगले बोलणारे होते. देह नाशवंत आहे, आला तो जाणार, राजा असो वा रंक. एकही शब्द खोटा नव्हता. पण तासभर ऐकल्यावर लक्षात आलं की गेलेल्या माणसाबद्दल यात काहीच नाही. तेच प्रवचन शेजारच्या गावात, दुसऱ्या माणसासाठी, जसंच्या तसं चाललं असतं.

आणि मागे बायकांच्यात एक म्हातारी हेल काढून रडत होती. गेलेला तिचा भाऊ. रडता रडता ती सांगत होती की दर दिवाळीला तो एसटीने यायचा, पिशवीत काय आणायचा, चहा बशीत ओतून कसा प्यायचा. माईक तिच्यापासून चाळीस फुटांवर होता.

तर मंडळी, आजचा भाग या चाळीस फुटांबद्दल आहे. मरणाबद्दल बोलण्याच्या दोन भाषा आहेत. एक सगळ्यांसाठीची, आणि एक त्या एकाच माणसासाठीची. दुसरीला कवितेत जागा कधी मिळाली, कोणी दिली? हे शोधताना मी एकदम अमेरिकेत पोचलो, आणि तिथून परत आपल्या नगरला आलो. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. कर्जतहून मिरजगावमार्गे दीड-दोन तास.

संतांनी काय केलं होतं?

आधी माझीच एक चूक दुरुस्त करतो. मला वाटायचं की जुनी मराठी कविता म्हणजे मरणावरचं प्रवचन. तसं नाहीये. तुकोबांनी स्वतःच्या मरणाचे साक्षीदार आपणच होण्याची कल्पना केली, आणि त्यात भीतीपेक्षा आनंद जास्त आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी, १२९६मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावर नामदेवांच्या नावाने जे समाधीचे अभंग आहेत, ते जरूर वाचा. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण भावंडांचं, मित्रांचं कोसळणंही आहे. मित्र गेल्यावर रिकामं झालेलं माणूस त्यात दिसतं. म्हणजे दुसरी भाषा आपल्याकडे होतीच.

फक्त ती होती संतांसाठी. ज्ञानेश्वरांसाठी रडणं हे काव्य. पण शेतावर राबणारा बाप गेला, पाच वर्षांची पोर गेली, तर त्यांच्यावर कोण लिहिणार? त्यांच्यासाठी होती जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी खेडोपाडी फिरून १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात भाऊ गेल्याच्या, आई गेल्याच्या, नवऱ्याआधी अहेव मरण यावं म्हणणाऱ्या कितीतरी ओव्या आहेत. त्या बायकांची नावंही तिथे नोंदवलेली आहेत. पण हे सगळं विसाव्या शतकाच्या शेवटी झालं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ती भाषा जात्याजवळच राहिली.

नगर आणि न्यू इंग्लंड

आता अमेरिका यात कशी आली ते सांगतो.

बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने परदेशात मिशनरी पाठवायला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरुवात केली. त्यांचं मराठी मिशन १८३१मध्ये नगरला आलं. १८३९मध्ये तिथे सिंथिया फरार नावाच्या बाई आल्या, मूळच्या न्यू हॅम्पशायरच्या. त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२मध्ये नगरलाच त्या वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरारबाईंकडे, असं त्यांच्या चरित्रांत नोंदवलेलं आहे.

इथे एक तारीख सांगतो, मला ती सापडली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. त्याच्या बरोबर २४ दिवस आधी, १० डिसेंबर १८३०ला, फरारबाईंच्या त्याच न्यू इंग्लंडमध्ये, मॅसेच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावात, एमिली डिकिन्सन जन्मली. दोघीही कवयित्री. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४मध्ये आला. एमिलीने जवळपास १,८०० कविता लिहिल्या, पण जिवंतपणी छापल्या गेल्या दहाएक, त्याही तिच्या नावाशिवाय. १८८६मध्ये ती गेल्यावर बहिणीला कवितांच्या शिवलेल्या वह्या सापडल्या, आणि पहिलं पुस्तक आलं १८९०मध्ये.

एमिलीच्या कवितांमध्ये मरण किती आहे म्हणाल, तर जिकडे बघाल तिकडे. आणि यात विकृत काही नव्हतं. लहानपणी बरीच वर्षं ती ज्या घरात राहिली ते गावच्या कब्रस्तानाजवळ होतं, प्रेतयात्रा खिडकीतून दिसायच्या. त्या काळात क्षयाने, तापाने, बाळंतपणात माणसं घरातच जायची. हॉस्पिटलचा पडदा मध्ये नव्हता. आपल्याकडेही तसंच होतं.

तिकडे एक पद्धत ठरलेली होती. माणूस अंथरुणावर, भोवती घरचे, तो शांतपणे देवाचं नाव घेतो, शेवटचे शब्द बोलतो, ते शब्द घरचे जपून ठेवतात. आपल्याकडे गंगाजल, तुळशीपत्र, ओठांवर नाव. साधारण तीच गोष्ट. आणि अशा मरणावर लिहिलेल्या दिलासा देणाऱ्या कविता अमेरिकेत वर्तमानपत्रांतून ढिगाने छापून यायच्या. लहान मूल गेलं की ‘ते आता देवदूत झालं’ अशी कविता हमखास. त्या काळचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च म्हणा.

एमिलीने त्या टेम्पलेटमध्ये माशी सोडली. खरंच. तिच्या एका कवितेत मरणारं माणूस अंथरुणावर आहे, सगळे भोवती श्वास रोखून थांबलेत, आता देव दिसणार म्हणून. आणि खोलीत येते एक माशी. तिचं गुणगुणणं हीच शेवटची ऐकू आलेली गोष्ट. दुसऱ्या एका कवितेत मृत्यू हा घोडागाडी घेऊन दारात थांबलेला सभ्य गृहस्थ आहे. गंमत बघा, तिच्या बऱ्याच कवितांचं वृत्त चर्चमधल्या प्रार्थनागीतांचं आहे. म्हणजे गाण्याची चाल देवळातली आणि आत शंका स्वतःची.

मग १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. चार वर्षांत ६ लाख २० हजारांच्या आसपास सैनिक मेले, काही अभ्यासक तर त्याहून मोठा आकडा सांगतात. ही माणसं घरापासून शेकडो मैल लांब मेली. अंथरूण नाही, भोवती घरचे नाहीत, शेवटचे शब्द ऐकायला कोणी नाही. वॉल्ट व्हिटमन हा कवी तेव्हा वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलांमध्ये जाऊन जखमी पोरांजवळ बसायचा, त्यांच्या वतीने घरी पत्रं लिहायचा. हे मी वाचलं तेव्हा मला आयसीयूच्या बाहेरून व्हिडिओ कॉल जोडून देणाऱ्या नर्स आठवल्या.

आणि एक लाँगफेलो. त्या काळचा अमेरिकेचा सगळ्यात लोकप्रिय कवी. धीर देणाऱ्या, शाळेत पाठ करायच्या कविता लिहिणारा. १८६१च्या जुलैमध्ये त्याच्या बायकोच्या कपड्यांना घरात आग लागली. विझवताना तोही भाजला, ती वाचली नाही. साऱ्या देशाला शब्द पुरवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बायकोबद्दल लिहायला किती वेळ लागला माहितीये? १८ वर्षं. १८७९मध्ये त्याने १४ ओळी लिहिल्या आणि बाजूला ठेवून दिल्या. त्या छापल्या गेल्या त्याच्या मृत्यूनंतर.

हे वाचून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मी अर्ध्या तासात हरलो होतो.

प्लेग, दुष्काळ आणि टिळकांचं घर

आता परत आपल्याकडे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. ४ फेब्रुवारी १८९७ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. २०२०मध्ये आपल्यावर जो लागू झाला, तोच हा कायदा. घरं तपासणं, माणसांना उचलून छावण्यांत नेणं, घरच्यांना भेटू न देणं. १० मार्च १८९७ला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या, रुग्णांची सेवा करताना. आणि वर दुष्काळ, १८९६-९७चा आणि परत १८९९-१९००चा. आपला नगर जिल्हा, त्यातही आपला कर्जतकडचा भाग, पावसाच्या बाबतीत आजही कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा टँकर नव्हते. मिशनच्या अनाथाश्रमांत दुष्काळातली पोरं दाखल होत होती.

म्हणजे बघा, तिकडे युद्धाने जे केलं तेच इकडे प्लेगने केलं. मरण घरातून उचलून नेलं. आणि साधारण याच काळात मराठी कविता बदलली. केशवसुतांनी कवितेला ‘मी’ बोलायला शिकवलं, साध्या माणसाचं सुखदुःख कवितेच्या लायकीचं ठरवलं. ते स्वतः १९०५मध्ये हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीच्या आत. त्यांचंही पुस्तक मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी आलं, एमिलीसारखंच.

आणि नगरला होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणस्थ ब्राह्मण घरात जन्म, १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं मासिक १८४२मध्ये नगरलाच सुरू झालेलं, त्यात ते लिहायचे. मिशनकडे इंग्रजी चालीवर बेतलेली भाषांतरित गाणी होती. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात, भजनाच्या चालीत लिहिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. एमिलीने चर्चच्या चालीत शंका भरली, टिळकांनी वारकऱ्यांच्या चालीत नवी श्रद्धा भरली.

पण आपल्या विषयासाठी त्यांच्या दोन कविता महत्त्वाच्या. एक ‘केवढे हे क्रौर्य’. तुमच्या आई-वडिलांना विचारा, अनेकांना शाळेत होती. शिकाऱ्याच्या हातून जखमी झालेली पक्षीण पिलांपर्यंत पोचायला धडपडते आणि जाते. संत नाही, राजा नाही, एक पाखरू मरतंय आणि अख्खी कविता त्याच्यासाठी थांबलीये. दुसरी ‘बापाचे अश्रू’. मुलगा गेल्यावर लिहिलेली. नावातच बघा किती मोठी गोष्ट आहे. धर्मोपदेशक माणूस, लोकांना दिलासा देणं हेच काम, आणि कवितेच्या शीर्षकात तो स्वतःला म्हणवतो फक्त बाप. माईक हातात असलेला माणूस मागे त्या म्हातारीजवळ जाऊन बसलाय, असं मला वाटतं.

त्यानंतर वाट मोकळी झाली. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, यांची राजहंसाची कविता तुम्ही ऐकली असेल. मूल गेलंय, पण आई ते मानायलाच तयार नाही, ते झोपलंय म्हणून सगळ्यांना गप्प करते. त्यात ‘देह नाशवंत आहे’ असं तिला सांगायची कोणाची हिंमत होत नाही.

लक्ष्मीबाई

टिळकांच्या घरात एक पोरगा राहायला होता, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. म्हणजे बालकवी. १९०७च्या जळगावच्या कवी संमेलनात गाजलेला हा मुलगा नंतर टिळकांकडे नगरला आला. हिरवळ, ऊन, श्रावण लिहिणारा कवी. ५ मे १९१८ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. वय २७. पुढच्या जानेवारीत, २३ तारखेला, गडकरी क्षयाने गेले, सावनेरला. आणि ९ मे १९१९ला टिळक गेले. एक वर्ष आणि चार दिवसांत तीन मोठे कवी, त्यातले दोन एकाच घरातले.

त्या घरात मागे राहिल्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून थोडंफार लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्यांनी दोन कामं केली. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, त्याचे पुढचे बहुतेक अध्याय त्यांनी लिहिले. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, १९३४पासून भागाभागाने आलेलं.

‘स्मृतिचित्रे’ गद्य आहे, मान्य. पण मरणाची कविता जिथवर पोचली होती तिथून पुढचं पाऊल मला त्यात दिसतं. त्या पुस्तकात मरणं पुष्कळ आहेत. मुलं जातात, साथी येतात, माणसं उठून जातात. पण बाई उपदेश करत नाहीत. गेलेला माणूस काय खायचा, कशावरून चिडायचा, कुठली गोष्ट विसरायचा, हे सांगतात. टिळक त्यात महाकवी म्हणून कमी आणि पैसे हातात टिकू न देणारा, डोक्यात राख घालून घराबाहेर पडणारा नवरा म्हणून जास्त दिसतात. रडू येतं त्याच पानावर हसूही येतं. आणि वाचून संपल्यावर तो माणूस आपल्याही ओळखीचा झालेला असतो. जात्यावरच्या बाईची भाषा छापील पुस्तकात आली ती अशी.

परत कर्जत

माईकवरच्या प्रवचनाला मी नावं ठेवतोय असं समजू नका. सगळे जातात हे ऐकायची गरज असते. त्याने माणूस एकटा पडत नाही, शेजारी मांडी घालून बसलेल्या दोनशे लोकांनाही हेच होणार आहे हे कळतं. आमच्या गोदड महाराजांच्या देवळात संध्याकाळी टाळ वाजतात तेव्हा मलाही बरंच काही हलकं वाटतं. २०२१मध्ये तो माईकही नव्हता, तेव्हा त्याची किंमत कळली.

पण तेवढ्याने भागत नाही. मरण सगळ्यांचं असतं, गेलेलं माणूस मात्र आपलं एकट्याचं असतं. टेम्पलेटमध्ये नाव बदलता येतं, माणूस बदलून मिळत नाही. लाँगफेलोला १८ वर्षं लागली, कारण ते १४ ओळींचं काम दुसऱ्या कोणाचीही कविता करू शकत नव्हती. त्याची स्वतःची आधीचीसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आबांचा जुना बटणवाला फोन चुलत्यांनी कपाटात ठेवलेला. चार्ज केला, चालू झाला. त्यात माझा नंबर शोधला तर माझ्या नावाने सापडेना. आबांना टाइप करता यायचं नाही, नंबर कोणाकडून तरी सेव्ह करून घ्यायचे, आणि नाव काय टाकायचं ते सांगायचे. माझा नंबर ‘पुणे’ या नावाने होता. फक्त ‘पुणे’. त्यांच्यासाठी अख्ख्या पुण्यात मी एकटाच राहत होतो.

हे मी त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर लिहिलं. पाच वाक्यं. चार वर्षं उशिरा. सुरुवातीला कोणीच काही बोललं नाही. मग आत्याचा व्हॉइस मेसेज आला, दोन मिनिटांचा. तिचा नंबर आबांनी कशा नावाने ठेवला होता ते सांगत होती, मध्येच हसत होती, मध्येच थांबत होती.

तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. कविता नको, पाच वाक्यं चालतील. आम्हाला नाही पाठवलंत तरी हरकत नाही, घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.